इंजिन कुठलं, ते काचेवर लिहा

माझं नाशिकला गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. नवा माल आला की किमतीच्या आधी माझी नजर खोक्याच्या लेबलवर जाते. पार्ट बाहेरून आलेला असेल तर त्यावर देश आणि आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता छापलेला असतो. वैधमापनाच्या नियमांनी ते बंधनकारकच आहे. चारशे रुपयांचं ऑइल सील जपानचं की कोरियाचं, हे गिऱ्हाइकाला चष्मा लावला की कळतं. ते सील ज्या पंधरा लाखांच्या गाडीत बसतं, तिचं इंजिन कुठे तयार झालं हे मात्र तिच्या काचेवर लिहिलेलं नसतं. कंपन्यांना ते लिहायला भाग पाडावं, एवढंच माझं म्हणणं.

नवी गाडी घ्यायच्या बेतात असलेले ओळखीचे लोक हमखास विचारतात, “काकू, इंजिन इम्पोर्टेड आहे ना?” पिकल्या केसांचा माणूस असेल तर त्याला ‘हो’ ऐकायचं असतं, कारण बाहेरचं ते दणकट ही जुन्या काळापासूनची समजूत. तरुण असेल तर ‘नाही’ ऐकायचं असतं, कारण देशी गाडी घेतल्याचा त्याला अभिमान मिरवायचा असतो. शोरूमवाला दोघांनाही हवं ते ऐकवतो.

प्रत्यक्षात उत्तर सरळ नसतं. डिझेल स्विफ्टचे मालक ‘फियाटचं इंजिन’ म्हणून कॉलर ताठ करायचे. इंजिन मूळचं इटलीचं, हे खरंच. पण ते मानेसरला बनायचं, आणि तेच १.३ लिटरचं इंजिन आपल्या रांजणगावलाही बनायचं. इंडिका व्हिस्टात तेच, फियाट पुंटोतही तेच. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि ते बंद पडलं. तरी त्याची टायमिंग चेन, गॅस्केट, पिस्टन रिंग मी आजही मागितल्याबरोबर फळीवरून काढून देते. महिंद्राच्या एमहॉकचंही तसंच. ते घडवताना ऑस्ट्रियाच्या एव्हीएल कंपनीची मदत घेतली, बनतं मात्र आमच्या इगतपुरीला. डिझाइन कुठलंही असो, इंजिन इथे मोठ्या संख्येनं बनलं की त्याच्याभोवती पार्ट बनवणारे उभे राहतात आणि त्याचा फायदा थेट गाडीमालकाच्या खिशाला होतो.

याच्या उलट गोष्ट आमच्याच एका गिऱ्हाइकाची. परदेशी कंपनीची पेट्रोल गाडी, टर्बोचा ॲक्च्युएटर गेला. मी चार ठिकाणी फोन फिरवले, बाजारात नाहीच. कंपनीचं उत्तर, “पार्ट बाहेरून येतोय.” गाडी दीड महिना वर्कशॉपात उभी. घेताना त्यांना ‘गाडी शंभर टक्के इथलीच’ असं सांगितलं होतं. जुळणी इथलीच होती. इंजिन तयार होऊन बाहेरून आलं होतं.

सरकारला हा फरक चांगला कळतो. २०११ च्या अर्थसंकल्पापासून सुट्या भागांच्या किटमध्ये इंजिन किंवा गिअरबॉक्स आधीच जुळवलेला असेल तर जकात वेगळी, जास्त लागते. आयात केलेल्या भागांना किट म्हणायचं की सुटे भाग, यावरूनच २०२४ मध्ये स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडियाला सुमारे १४० कोटी डॉलरची नोटीस गेली. कंपनीला ती मान्य नाही आणि वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. खरं कोण, ते न्यायालय ठरवेल. पण जिथे कस्टम आणि कंपनी यांचंच एकमत होत नाही, तिथे बुकिंगची पावती हातात धरलेल्या माणसानं काय समजायचं?

अमेरिकेत हे कोडं कायद्यानं सोडवलंय. तिथे १९९२ च्या कायद्यानुसार नव्या गाडीवर लेबल लावावं लागतं. किती टक्के भाग अमेरिका-कॅनडातले, इंजिन कोणत्या देशाचं, गिअरबॉक्स कोणत्या देशाचा, हे त्यावर असतं. पुरवठादार सारखे बदलतात, अशी सबब आपल्या कंपन्या सांगतील. तिथेही बदलतात. म्हणून टक्केवारी गाडीगणिक मोजत नाहीत, मॉडेलची वर्षाची सरासरी धरतात.

आपल्याकडेही तयारी आहेच. भारत एनकॅपच्या सुरक्षेच्या ताऱ्यांचं स्टिकर २०२३ पासून आलं. इलेक्ट्रिक गाड्यांवर पीएलआय योजनेचे पैसे घ्यायचे तर किमान ५० टक्के मूल्य देशातलं असल्याचं कंपनीला सिद्ध करावं लागतं आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था ते तपासतात. अनुदानासाठी सरकारपुढे मांडता येतो तो हिशेब गिऱ्हाइकापुढे मांडायला काय हरकत आहे? इंजिन कुठे बनलं, गिअरबॉक्स कुठे बनला आणि देशातले भाग किती टक्के, या तीन ओळी पुरेत. इलेक्ट्रिक गाडी असेल तर मोटर आणि बॅटरीचे सेल कुठले, तेही लिहा.

स्टिकर येईल तेव्हा येईल. तोवर शोरूममध्ये सनरूफ उघडून बघण्याआधी विचारा, की इंजिन कुठे बनतं, टर्बो आणि ईसीयू कुठून येतात आणि त्यांचा साठा कुठल्या डेपोत असतो. उत्तर तोंडी घेऊ नका, कोटेशनवर लिहून मागा. लिहून द्यायला सेल्समन कांकू करू लागला, तर टोकन द्यायची घाई करू नका.