आधी मोळीला वाट द्या

डोंगरातल्या शर्यतीत मागून येणाऱ्याने पुढच्या माणसाला हाताने बाजूला सारायचं नसतं. हे कुणाला सांगावं लागेल असं मला वाटलं नव्हतं. पण गेल्या रविवारी ते माझ्या डोळ्यांदेखत घडलं आणि आठवडा उलटला तरी राग उतरलेला नाही. म्हणून आज हेच.

ज्यांना या प्रकाराची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डांबरी रस्ता सोडून पायवाटांनी, धारेवरून, गडांच्या सोंडांवरून पळणं म्हणजे ट्रेल रनिंग. पावसाळा सरला, वाटा सुकल्या की सह्याद्रीत या शर्यती सुरू होतात. पुण्याजवळच्या सिंहगड-राजगड-तोरणा शर्यतीत ११, २५, ५३ आणि १०० किलोमीटर असे गट असतात. इतर ठिकाणीही आकडे बदलतात, पद्धत तीच. लांब पल्ल्याचे लोक अंधारात, डोक्याला दिवे लावून निघतात आणि छोट्या पल्ल्याचे उजाडल्यावर. मग कुठल्या तरी सोंडेवर दोन्ही गट एकाच वाटेवर येतात, आणि ती वाट एका माणसापुरती असते. एकाच्या पायात तीस-पस्तीस किलोमीटर साचलेले असतात, दुसरा नुकताच चहा पिऊन निघालेला असतो.

मी अशाच एका सोंडेवर पाण्याच्या टेबलाशी होते. थंडीतले रविवार माझे तिथेच जातात. वरून पन्नाशीच्या एक बाई उतरत होत्या, लांब पल्ल्याच्या. दोन्ही हातांत काठ्या, पाऊल जपून. त्या टप्प्यावर मुरूम सुटलेला होता. मुरमाच्या उतारावर टाच टेकली की खालचे खडे गोट्यांसारखे फिरतात आणि पाय निघून जातो. त्यांच्या मागून छोट्या पल्ल्याचा एक मुलगा आला, दोन्ही कानांत इअरफोन. तो ‘साइड’ म्हणाला आणि त्याच क्षणी त्याचा हात त्यांच्या खांद्यावर पडला. बाई दरीच्या बाजूला घसरल्या. कारवीच्या खुंटांनी अडवलं म्हणून निभावलं. मुलगा थांबला नाही.

टेबलावरच्या आम्ही दोघा स्वयंसेवकांनी त्यांना वर घेतलं. तळहाताची साल निघाली होती आणि आत मुरमाचे बारीक खडे रुतले होते. मी बाटलीने पाणी ओतत होते, त्या दुसऱ्या हाताच्या नखाने एकेक खडा काढत होत्या. एकच प्रश्न त्यांनी विचारला, “कट-ऑफला किती वेळ आहे?” (ठरलेल्या वेळेत टप्पा गाठला नाही तर धावक बाद होतो, ती वेळ म्हणजे कट-ऑफ.) उत्तर ऐकून काठ्या उचलल्या आणि निघाल्या.

मुलाची परतीची वाट माझ्याच टेबलावरून होती. पाणी प्यायला थांबला तेव्हा मी त्याला विचारलं. तो उद्धट नव्हता, हे मुद्दाम सांगते. “मॅडम, मी साइड मागितली होती,” तो म्हणाला. “आणि त्या चालतच होत्या. माझं टायमिंग गेलं असतं.”

त्या चालतच होत्या! या तीन शब्दांनी माझा आठवडा खाल्ला. त्या बाई पहाटे तीनला निघाल्या होत्या. हा मुलगा साडेसहाला गादीवरून उठला असेल तेव्हा त्या एक गड चढून उतरल्या होत्या. चालणारा माणूस शर्यतीत नाहीच, त्याने पळणाऱ्याच्या मधून निघून जायचं, हा समज त्याला कुणी दिला? लांब पल्ल्यात चढाला भलेभले चालतात. चढ चालायचा आणि सपाटीला पळायचं, असंच ते अंतर कापलं जातं. हे कुणी त्याला सांगितलंच नाही. सुरुवातीच्या रेषेवर गाणी वाजत होती, झुंबा झाला, प्रायोजकांचे आभार झाले. वाट कशी मागायची आणि कशी द्यायची, यावर एक वाक्य कुणी बोललं नाही.

ते वाक्य काय असायला हवं होतं तेही लिहून टाकते. पाच-सात पावलं मागे असतानाच आवाज द्यायचा, “ताई, उजवीकडून येतोय.” पुढच्याने ‘या’ म्हणेपर्यंत मागेच राहायचं. कुठे बाजूला व्हायचं ते पुढचा ठरवील, कारण पायाखालचं त्याला दिसतं, तुम्हाला त्याची पाठ दिसते. थांबणाऱ्याने डोंगराच्या अंगाला थांबावं, दरीच्या अंगाला कधीच नाही. समोरासमोर गाठ पडली तर चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. त्याची मान खाली असते, धाप लागलेली असते आणि मोडलेली लय पुन्हा धरायला त्याला वेळ लागतो. आणि एक कान तरी मोकळा ठेवायचा. पायाखालून दगड सुटला तर ‘दगड!’ म्हणून ओरडायची गिर्यारोहकांची जुनी रीत आहे. वळणावळणाच्या वाटेवर वरच्या वळणावरून सुटलेला दगड खालच्या वळणावरच्या माणसाच्या डोक्यात जातो. ती हाक ऐकायला कान नको का?

दगडांइतकीच भीती मला आग्या मोहोळाची वाटते. आपल्या गडांच्या कड्यांना ही पोळी उघडी लटकलेली असतात. उग्र वास, धूर, आरडाओरडा याने माशा उठतात. एक माशी चावली की नांगी कातडीत राहते आणि तिच्या वासाने बाकीच्या माशा त्याच माणसावर येतात. म्हणून हात झटकत उभं राहायचं नाही. तोंड-डोकं झाकून, पायवाटेवर नजर ठेवून, जमेल तितक्या लवकर लांब जायचं आणि मागच्यांना सावध करायचं. अनेक पल्ल्यांच्या शर्यतीत यात एक अन्याय होतो. सकाळी ताजेतवाने धावक अंगावर सुगंधी फवारा मारून, शिट्ट्या घालत कड्याखालून निघून जातात. चवताळलेल्या माशा भेटतात त्या त्यांच्या मागून, उन्हात येणाऱ्या थकल्या माणसाला. त्याच्या पायांत पळायचं बळ उरलेलं नसतं. आदल्या दिवशी त्या टप्प्याची पाहणी करणं आणि मोहोळ दिसलं तर मार्गच बदलणं, हे आयोजकांचं काम आहे.

हे सगळं लिहायला बसले, पण खरं मनात घर करून राहिलं आहे ते वेगळंच. त्याच सकाळी, त्याच सोंडेवर, खालच्या वाडीतल्या एक मावशी डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन उतरत होत्या. सुकलेल्या फांद्या, वेलाने आवळलेल्या, दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेल्या. मागून छोट्या पल्ल्याची रांग लागली. मावशी वाट सोडून उतरत्या गवतात उभ्या राहिल्या, एक पाय वर, एक खाली, एका हाताने मोळी सावरत. धावक एकामागून एक गेले. कुणी ‘थँक यू आजी’ म्हणालं, एकाने पळता पळता मोबाइलवर त्यांचं चित्रीकरण केलं. थांबलं कुणीच नाही.

मोळी खाली का ठेवली नाही, असं शहरातला माणूस विचारील. ठेवली की पुन्हा डोक्यावर घ्यायला दुसरा हात लागतो. एकट्या बाईला ती उचलून चढवता येत नाही. म्हणून वाडीतल्या बायका जोडीने जातात, आणि एकटी असेल ती ओझं डोक्यावरून उतरवतच नाही. मी धावत वर गेले आणि दोन्ही हात आडवे धरून रांग अडवली तेव्हा मावशींना वाटेवर परत येता आलं. माझ्याशेजारून जाताना त्या म्हणाल्या, “असू दे गं ताई, पोरांची शर्यत हाय.” त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या.

पोरांची शर्यत वर्षातून एक दिवस असते. ती वाट मात्र रोज मावशींची असते. तिच्यावरून गुरं रानात जातात, मुलं शाळेत जातात, आजाऱ्याला झोळीत घालून खाली नेतात. आपल्या किल्ल्यांवरच्या बहुतेक पायवाटा वाडीवस्तीतल्या माणसांच्या आणि गुरांच्या पायांनीच टिकल्या आहेत; एक पावसाळा पाय पडले नाहीत तर गवत वाट गिळतं. आपण तिच्यावर फक्कीचे बाण आखतो, फांद्यांना रंगीत फिती बांधतो आणि एका सकाळपुरते तिचे मालक होतो. मग समोरून म्हशी आल्या की हुसकावतो, कुत्रं भुंकलं की दगड उचलतो. म्हैस वाटेत असेल तर थांबावं, गुराख्याला हाक मारावी, तो वळवील. बिथरलेली म्हैस शिंगं खाली घालून अंगावर येते, आणि त्यात चूक तिची नसते.

याच माणसांच्या भरवशावर आपण डोंगरात जातो, हे विसरणं मला सहन होत नाही. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरची डोंगरातली शर्यत होती. त्याच सोहळ्यात २१ आणि ५ किलोमीटरचेही गट होते. लांब पल्ल्याचे १७२ धावक उंचावर असताना गारपीट, गोठवणारा पाऊस आणि सोसाट्याचा वारा आला. वारा अडवणारं जाकीट सक्तीच्या यादीत नव्हतं. बरेच जण अर्ध्या चड्डीत आणि पातळ सदऱ्यात होते. २१ जण दगावले. त्यांत लियांग जिंगसारखा चीनमधला अव्वल धावकही होता. सहा जण वाचले ते झू केमिंग नावाच्या मेंढपाळामुळे. तो स्वतः पावसापासून बचावासाठी गुहेत थांबला होता. त्याने गारठलेल्या धावकांना आत आणलं, शेकोटी पेटवून ऊब दिली. त्या दिवशी आयोजकांची यंत्रणा पोहोचायच्या आधी तो होता, कारण तो रोजच तिथे असतो.

आपल्याकडेही गडावर कुणी पडलं की आधी धावतो तो पायथ्याच्या वाडीतला माणूस. बांबू आणि घोंगडी तोच आणतो. त्याच्या आईला आपण मोळीसकट गवतात उभं करतो.

उपाय अवघड नाहीत. आल्प्समध्ये शामोनीच्या प्रसिद्ध शर्यतसप्ताहात मोठी शर्यत शामोनीतून सुटते, तिच्या धाकट्या शर्यती कूरमायर आणि ओर्सिएर या वेगळ्या गावांतून, वेगळ्या वेळी. त्यांतल्या बहुतेकांचा शेवट मात्र शामोनीत होतो. कुठलं सामान जवळ हवं, याची सक्तीची यादी तिथे असते आणि ती तपासली जाते. संकटातल्या धावकाला मदत करणं हा तिथे नियम आहे. आपल्या आयोजकांनी एवढं तरी करावं: पल्ल्यांच्या सुटण्याच्या वेळा अशा ठेवाव्यात की अरुंद टप्प्यावर दोन गट आदळणार नाहीत. प्रत्येक पल्ल्याचा क्रमांक वेगळ्या रंगाचा असावा, आणि लांब पल्ल्याचा तो पाठीवरही लावावा, म्हणजे मागच्याला कळेल की पुढचा माणूस किती चालून आला आहे. वाडीतल्या लोकांना आठवडाभर आधी वेळ सांगावी. अरुंद टप्प्यावर एक स्वयंसेवक फक्त गावकऱ्यांसाठी ठेवावा. आणि ज्याने दुसऱ्याला ढकललं किंवा पडलेल्याला ओलांडून गेला, त्याला त्याच क्षणी शर्यतीतून बाद करावं, मग तो पहिला असला तरी.

धावकांना माझी एकच विनंती आहे. समोरून मोळी, हंडा, गवताचा भारा किंवा पाठुंगळीला पोर घेतलेलं माणूस आलं तर घड्याळ चालू असलं तरी थांबा, डोंगराच्या अंगाला बाजूला व्हा आणि त्यांना आधी जाऊ द्या. त्यात तुमचं अर्धं मिनिट जाईल. ते जाऊ द्या.