लिंक पाठवली, म्हणजे शिकवलं?

दिल्लीत मी तिसरीच्या वर्गाला शिकवते. 'दीक्षा'वरचा व्हिडिओ वर्गातल्या पडद्यावर लावला, की सगळी मुलं तो एकत्र पाहतात. तीच लिंक गृहपाठ म्हणून पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेली, की वर्गाचे दोन भाग पडतात. घरातला एकुलता फोन वडिलांबरोबर कामावर जातो, अशी मुलं बहुतेक आपल्याच वस्त्यांमधली असतात.

१८ सप्टेंबर २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने शाळांना सांगितलं, की ऑनलाइन शिकवत असाल तर गरीब विद्यार्थ्यांना उपकरण आणि इंटरनेट द्या. त्याअभावी एकाच वर्गातल्या मुलांना वेगळं पाडणं हा भेदभाव आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या निकालाला स्थगिती दिली. पुढे शाळा उघडल्या, लिंक पाठवण्याची सवय मात्र राहिली.

१८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. ही जबाबदारी सरकारची, घराच्या ऐपतीची नव्हे. म्हणून ऑनलाइन साहित्य शाळेच्या वेळेत, शाळेच्याच पडद्यावर दाखवा. आणि ज्या गृहपाठाला फोन लागतो, त्याला गुण देणं आधी बंद करा.