मक्याची तीन शेतं

जॉन व्हाइटने १५८५ च्या सुमारास रंगवलेलं उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींच्या सेकोटन गावाचं चित्र या आठवड्यात न्याहाळत बसले. त्यात मक्याची तीन शेतं आहेत: एक पिकलेलं, एक हिरवंगार, एक नुकतंच उगवलेलं. पोटाची केवढी चोख तजवीज! वॉल्टर रॅलेने रोआनोक बेटावर वसाहतीसाठी धाडलेले शंभरेक इंग्रज पुरुष अशाच गावांच्या मक्यावर जगले, कुरबुरी वाढल्यावर १५८६ मध्ये त्यांनी विंगिना या तिथल्या प्रमुखालाच ठार केलं. पुढच्या वर्षी त्याच बेटावर बायकामुलांसह उतरलेली कुटुंबं त्यांना सोडून इंग्लंडला गेलेला हाच व्हाइट १५९० मध्ये परतला तेव्हा तिथे नव्हती. त्यांचं काय झालं याचं गूढ लोक अजून चघळतात. मी म्हणते, ज्याच्या कणगीवर जगायचं त्याचाच जीव घेतला, तिथेच वसाहत बुडाली. पाठ्यपुस्तकात पहिलं नाव विंगिनाचं यावं.