पाचव्या रकअतीला बसून राहणारे

मागच्या महिन्यात जळगावच्या एका सभागृहात व्याख्यान ऐकलं. वक्ते अभ्यासू म्हणून ओळखले जातात, बोलतातही ओघवतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: इस्लाम या शब्दाचा अर्थच शरणागती, शरण गेलेला माणूस विचार करत नाही, विचार न करणारा हुकुमाची वाट पाहतो, म्हणून मुसलमान जन्मभर कुणाच्या तरी मुठीत असतो, आज मौलानाच्या, उद्या आणखी कुणाच्या. पुराव्यादाखल त्यांनी मशिदीतली रांग दाखवली. एक वाकला की पाचशे वाकतात, एकाने कपाळ टेकलं की पाचशे टेकतात. टाळ्या पडल्या. त्या रांगेत मी चाळीस वर्षं उभा आहे. ती आतून कशी असते हे विचारायला हे गृहस्थ कधी मशिदीच्या पायरीपर्यंतही आलेले नाहीत, आणि निकाल मात्र देऊन मोकळे झाले.

तेव्हा आधी रांगेविषयीच बोलतो. इमामाच्या मागे नमाज पढणाऱ्याला मुक्तदी म्हणतात. इमामाच्या आधी रुकूत वाकायचं नाही, त्याच्या आधी सजद्यात टेकलेलं डोकं उचलायचं नाही. ही शिस्त खरी आहे आणि कडक आहे. पण इमाम चुकला तर गप्प राहायचं नाही, हीसुद्धा त्याच शिस्तीतली गोष्ट. बसायच्या जागी तो उभा राहिला, तर मागून कुणीही ‘सुब्हानल्लाह’ म्हणतो. म्हणणारा हमाल असेल, नाहीतर भाजीची गाडी लावणारा. कुराण म्हणताना आयत अडली, शब्द मागेपुढे झाले, तर मागचा माणूस बरोबर शब्द मोठ्याने पुरवतो. याला आम्ही लुक्मा देणं म्हणतो. लुक्मा म्हणजे घास. तरावीहच्या रात्रीच्या नमाजेत कुराण तोंडपाठ असलेला हाफिज अडखळला आणि मागच्या रांगेतून मिसरूडही न फुटलेल्या पोराने लुक्मा दिला, असं रमजानात घडत असतं. हाफिज तो घास मुकाट्याने घेतो आणि पुढे चालू लागतो. काही विशिष्ट चुका झाल्या तर इमाम शेवटी दोन जास्तीचे सजदे करतो, सजदा-ए-सह्व. ज्यांची काहीच चूक नसते ते पाचशे जणही त्याच्याबरोबर ते दोन सजदे करतात.

आता याच्या पुढची गोष्ट. नमाजेच्या चार रकअती, म्हणजे चार आवर्तनं झाली, शेवटची बैठकही झाली, आणि इमाम विसरून पाचवीला उभा राहिला तर काय करायचं? हनफी फिक्ह, म्हणजे आमच्या पंथाचं धर्मशास्त्र, सांगतं की मागच्यांनी उठायचं नाही. बसून राहायचं, आठवण द्यायची, वाट पाहायची. तो परतला तर त्याच्याबरोबर शेवटचा सलाम फेरायचा. तो परतलाच नाही, पाचव्या रकअतीचा सजदाही त्याने केला, तर आपला सलाम आपण फेरून नमाज पुरी करायची. लहानपणी धुळ्यात, पांझरेच्या काठच्या आमच्या मोहल्ल्यात, इशाच्या नमाजेला हे एकदा माझ्या डोळ्यांसमोर झालं. इमाम उठले, त्यांचं पाहून मीही उठू लागलो. शेजारी अब्बा बसलेले. सगळी रांग बसलेली. मी पुन्हा खाली बसलो. मागून दोघातिघांनी ‘सुब्हानल्लाह’ म्हटलं, इमामांना आठवलं, ते परतले. नमाज झाल्यावर कुणी त्या प्रसंगावर अवाक्षर बोललं नाही. पॉवरलूमवर बारा तास राबणारी, सहीपुरतं लिहिणारी ती माणसं इमामाला एकट्याला उभं ठेवून बसून राहिली, कारण हुकूम इमामाचा नव्हताच. तोही त्याच हुकुमाखाली उभा होता. व्याख्यात्यांना पाचशे वाकलेल्या पाठी दिसल्या. ही बसून राहिलेली पाचशे माणसं दिसली नाहीत.

या इताअतीचं, म्हणजे आज्ञापालनाचं, मूळ कुराणात आहे. सूरह अन्-निसाच्या ५९ व्या आयतीत अल्लाहची आणि रसूलची आज्ञा पाळा, तुमच्यातल्या अधिकाऱ्यांचीही पाळा, असं सांगितलं आहे. लोक इथवर वाचतात आणि पुस्तक मिटतात. त्याच आयतीत पुढे मतभेद झाला तर काय, हेही आहे: मामला अल्लाह आणि रसूलकडे न्यायचा. अधिकाऱ्याशी मतभेद होणार हे तिथे गृहीतच धरलेलं आहे. बुखारीच्या हदीससंग्रहात एका सरदाराची हकीकत आहे. रागाच्या भरात त्याने आपल्या माणसांना लाकडं गोळा करून आग पेटवायला लावली आणि आगीत शिरा म्हणून हुकूम सोडला. माणसं थबकली, आगीपासून वाचायलाच तर आपण पैगंबरांकडे आलो, असं म्हणाली. आग विझली, सरदाराचा रागही. पैगंबरांच्या कानावर हे गेलं तेव्हा, शिरले असते तर त्यातून कधी बाहेर आले नसते, आज्ञापालन फक्त भल्या गोष्टीत असतं, असा त्यांनी निवाडा दिला. खलिफा झाल्यावर अबू बक्र यांनी पहिल्याच भाषणात, मी अल्लाहची आज्ञा मोडली तर तुम्ही माझी पाळू नका, असं लोकांना सांगून टाकलं. आणि जळगाव-धुळ्यातले बहुतेक मुसलमान ज्यांच्या पद्धतीने नमाज पढतात त्या इमाम अबू हनीफांनी खलिफा मन्सूरने देऊ केलेलं काझीपद नाकारलं, त्यापायी कैद भोगली आणि ७६७ साली बगदादमध्ये ते वारले. ज्यांचा इमामच नकारासाठी तुरुंगात गेला, त्यांना हुकुमाचे ताबेदार म्हणायचं?

मौलानाच्या एका शब्दावर मोहल्ला हलतो म्हणे. एकाच मोहल्ल्यात आमीन मोठ्याने म्हणणाऱ्यांची मशीद वेगळी आणि मनात म्हणणाऱ्यांची वेगळी असते, दर्ग्यावर चादर चढवणारे आणि तिला विरोध करणारे भिंतीला भिंत लावून राहतात.   आणि आज्ञा मानण्याचंच म्हणाल, तर संविधान मानणं हीसुद्धा आज्ञा मानणंच आहे. तिथे कुणी विचार गहाण पडतो म्हणत नाही.

मग तीन तलाक निघतो. तो प्रत्येक वादात निघतो, आणि मी तो टाळणार नाही. एका दमात तीनदा तलाक म्हणून बाईला घराबाहेर काढणाऱ्याने कुराणाची आज्ञा मोडलेली असते. दोन्ही घरचा एकेक लवाद बसवा, इद्दतीची मुदत मोजा, हे सगळं तिथे लिहिलेलं आहे. असा तलाक लागू होतो म्हणणारे हनफी फकीह, म्हणजे धर्मशास्त्रीसुद्धा त्याला तलाक-ए-बिदअत म्हणत आणि देणाऱ्याला गुनाहगार मानत. आमच्या लोकांनी तो गुन्हा पिढ्यान्‌पिढ्या खपवून घेतला, बायकांचे संसार मोडताना पाहिले आणि वर त्याला शरियत म्हटलं. याची मला लाज वाटते. पण ते पाप आज्ञापालनाच्या खाती मांडू नका. आज्ञा पाळली असती तर ती बाई रस्त्यावर आली नसती.

मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून पंढरीला पायी निघते तेव्हा एकादशी धरणाऱ्या, माळ घातलेल्या माणसाला कुणी गुलाम म्हणत नाही. त्याने स्वतःला नेमात बांधून घेतलंय, हे आपल्याला कळतं. माझ्याबद्दल तेवढंच कळावं, यापेक्षा मोठं मागणं नाही.

इताअत माणसाला काय देते, हे सांगायला माझ्याकडे सिद्धांत नाही, एक आठवण आहे. २०१९ चा रमजान ७ मेला सुरू झाला. ऐन उन्हाळा, पहाटे चारच्या सुमाराला तोंड बंद करायचं ते संध्याकाळी सातपर्यंत. अब्बांनी लूमवरही कधी रोजा सोडला नव्हता. घरात कुणी नसताना, माठ हाताच्या अंतरावर असताना सोडला नव्हता. त्या वर्षी साखर फार वाढली आणि डॉक्टरांनी रोजे कायमचे बंद केले. अब्बा ऐकेनात. मी वाद घातला, अम्मीने रडून पाहिलं. शेवटी ते स्वतःच उठून इमामसाहेबांकडे गेले आणि परत आले ते शांतपणे. ज्याने रोजा फर्ज केला त्यानेच आजाऱ्याला सूट दिली आहे, ती नाकारणारा मी कोण, एवढंच म्हणाले. दुपारी सगळ्यांसमोर पाणी प्यायले. पिताना त्यांचा हात थरथरत होता. ईद झाल्यावर त्यांनी वही काढली, २९ रोजे, एका रोज्यामागे एका गरिबाचं दोन वेळचं जेवण, असा हिशेब मांडला आणि तराजूवर गहू तोलायला बसले. मी पोतं धरलं होतं.