आजीला बाकावर बसवणारी सहल कशाला?

परीक्षा संपत आल्या की मुले थीम पार्कचा विषय काढतात. वर्गातली चार मुले जाऊन आलेली असतात. नाही म्हणणे आईवडिलांच्या जिवावर येते. मग ओव्हरटाइमचे पैसे, भिशी, कधी उसनवारी करून पाच तिकिटे काढली जातात. माझे मत स्पष्ट आहे. एका दिवसासाठी एवढा खर्च करण्यापेक्षा कुटुंबाने दोन दिवस समुद्रकिनारी जावे. खिशाला ते परवडते आणि शरीरालाही मानवते.

थीम पार्कमधल्या मोठ्या पाळण्यांपाशी सूचना लिहिलेली असते: हृदयविकार, उच्च रक्तदाब, पाठीचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी बसू नये. लहान मुलांना उंचीची अट असते. म्हणजे बीपीची गोळी घेणारी आजी आणि धाकटे नातवंड पिशव्या राखत बाकावर बसते. बाकीचे उन्हात रांगेत उभे राहतात आणि दोन मिनिटे खुर्चीत बसून फिरतात. याला व्यायाम म्हणत नाहीत. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज किमान ६० मिनिटे अंगमेहनतीची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. वाळूवर मुलांना ते सांगावे लागत नाही.

भुसभुशीत वाळूत चालायला रस्त्यापेक्षा जास्त श्रम पडतात. गुडघे दुखणाऱ्यांनी पाण्याजवळच्या ओल्या, घट्ट वाळूवरून चालावे. मधुमेह असलेल्यांनी अनवाणी फिरू नये. पाय बधिर असतील तर शिंपला लागलेला कळत नाही आणि जखम चिघळते.

आता खर्चाचे बघू. एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत. नवरा, बायको, दोन लहान मुले आणि ७६ वर्षांची आजी अशा पाच जणांना अडीच तिकिटे पुरतात. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड जवळ ठेवा.

आपल्यापैकी अनेक कुटुंबे महाडला चवदार तळ्यावर आणि आंबडव्याला जातात व त्याच दिवशी परत फिरतात. आंबडवे ज्या मंडणगड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात वेळासचा किनारा आहे. तिथे साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात जाताना दिसतात, आणि गावकरी आपल्या घरांतच पाहुण्यांची राहण्याजेवणाची सोय करतात. मे महिन्यात जाणार असाल तर शेजारच्या दापोली तालुक्यात मुरूड, कर्दे, लाडघर हे किनारे आहेत. हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलाव बघायला पैसे पडत नाहीत.

एक गोष्ट पुरुषांनी ध्यानात घ्यावी. खर्च वाचवायला सोबत स्टोव्ह आणि तांदूळ नेले, तर घरातल्या बाईची सुट्टी स्वयंपाकातच जाते. जेवण घरगुती खानावळीत घ्या. दोन दिवस तिच्याही हाताला आराम मिळू द्या.

समुद्राला कठडा नसतो, म्हणून शिस्त हवीच. पोहोचल्यावर आधी भरती-ओहोटीची वेळ गावकऱ्यांना विचारा. ओहोटीत पाणी ओढते, तेव्हा आत जाऊ नका. मुलांना मोठ्यांच्या हाताच्या अंतरावर ठेवा; गुडघ्याच्या वर पाणी नको. दारू प्यायलेला माणूस स्वतः बुडतो आणि वाचवायला गेलेल्यालाही ओढतो. त्याला पाण्यात उतरू देऊ नका. पावसाळ्यात समुद्रात जाऊच नये. उन्हाळ्यात सकाळी आणि संध्याकाळीच किनाऱ्यावर जा, दुपारी सावलीत थांबा. दमट हवेत घाम फार जातो, म्हणून मीठ घातलेले कोकम किंवा लिंबू सरबत पीत राहा. रोजच्या गोळ्या विसरू नका.

मुलांना थीम पार्क नाकारताना नुसते 'परवडत नाही' म्हणू नका. त्याऐवजी नकाशा काढून समोर ठेवा आणि कुठल्या किनाऱ्यावर जायचे ते त्यांनाच ठरवू द्या. सहलीहून कर्ज न घेता परत येणे, हाही आरोग्याचाच भाग आहे.