मेलेला सूर कोणाचा?

“यंत्राचा सूर मेलेला, कारण तो गणितातून निघतो,” हे वाक्य आमच्या संगीतरसिकांना फारच प्रिय आहे. सपशेल खोटे आहे ते! सिंथेसायझरमध्ये सूर जन्माला घालतो तो आंदोलक. त्याला त्रिकोणमितीतल्या साइनची नुसती एक लाट द्या. शिट्टीसारखा निर्जीव सूर निघेल. कबूल. पण तेवढ्याने गणित संपले काय? १९६७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग या संगीतकाराने (इंजिनियराने नव्हे, बरे का!) एका लाटेच्या पोटात दुसरी लाट घातली. आतली लाट बाहेरचीची कंपने भराभर कमीजास्त करू लागली. आतलीचा जोर क्षणोक्षणी बदलला, की त्याच दोघींतून कधी घंटा बोलते, कधी तुतारी. अमेरिकेतल्या ऑर्गनवाल्यांनी ही युक्ती झिडकारली. जपानच्या यामाहाने तिच्यावर १९८३ मध्ये ‘डीएक्स ७’ काढला नि तो जगभर वाजला. निर्जीव असतो तो न बदलणारा सूर. मग तो यंत्राचा असो की गवयाचा. आणि साइनला आपला जुना शब्द कोणता? ‘ज्या’, म्हणजे धनुष्याची ताणलेली दोरी! तंबोऱ्यावर ताणली तर ती नादब्रह्म आणि माझ्या शाळेच्या फळ्यावर आली की रुक्ष, हा कुठला न्याय?