‘आपल्या पोरींना कसलं आलंय डिप्रेशन?’

हा प्रश्न एखाद्या सनातन्याने विचारला असता तर दोन ओळींत उत्तर देऊन आम्ही मोकळे झालो असतो. पण तो विचारला जातो आमच्याच वस्तीत, आमच्याच बैठकीत, गळ्यात निळा गमछा असलेल्या कार्यकर्त्याकडून. सोबत ठरलेली पुस्ती असते. रमाईने काय काय सोसलं, सावित्रीमाईने अंगावर शेण झेललं, आणि तुम्हाला वसतिगृहात दोन वेळचं जेवण मिळतं तरी झोप येत नाही म्हणता?

रमाईच्या दुःखाचा असा वापर करणं हा रमाईचा अपमान आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्या माउलीने पोटची चार लेकरं गमावली. त्या काळात तिच्याजवळ कोण बसलं, तिचं कोणी ऐकून घेतलं का, हे आपण कधी विचारलं नाही. ती किती खंबीर होती एवढंच स्टेजवरून सांगत राहिलो, आणि आता तीच खंबीरता तिच्या नातींच्या डोक्यावर ओझ्यासारखी ठेवतो आहोत.

आपण कोणत्या मुलीबद्दल बोलतो आहोत ते आधी नीट पाहू. घरातली कॉलेजात गेलेली ती पहिली. परभणी, बुलढाणा किंवा चंद्रपूरच्या एखाद्या तालुक्यातून पुण्याला किंवा नागपूरला आली. समाजकल्याणच्या वसतिगृहात नंबर लागला तर ठीक, नाही तर स्वाधारचा अर्ज भरून कॉट बेसिसवर खोली. स्वाधारचा हप्ता वर्ष सरत आलं तरी येत नाही, मेसवाला मात्र महिन्याच्या महिन्याला पैसे मागतो. वर्गात पहिल्याच आठवड्यात कोणीतरी गोड आवाजात विचारतं, ‘तुझा कटऑफ किती होता गं?’ घरून फोन येतो तो स्थळ आलंय म्हणून. आणि संध्याकाळी ती चळवळीच्या बैठकीला जाते तेव्हा सतरंज्या घालण्याचं आणि चहाचं काम तिच्याकडे असतं, भाषण दादांकडे. या मुलीला झोप लागत नसेल, परीक्षेच्या आदल्या दिवशी छातीत धडधड होत असेल, तर ती नाजूक आहे म्हणून नव्हे. माणसाने एकाच वेळी किती आघाड्यांवर लढावं याला मर्यादा असते.

रोहित वेमुला 17 जानेवारी 2016 ला गेला. डॉ. पायल तडवी 22 मे 2019 ला गेली, मुंबईत, पदव्युत्तर शिक्षण घेत असताना. आदिवासी समाजातली ही डॉक्टर मुलगी ज्यांच्याकडून छळ झाल्याचा आरोप आहे त्या तिच्याच सीनियर होत्या, स्त्रियाच होत्या. त्याच वर्षी राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन आया सर्वोच्च न्यायालयात गेल्या. आम्ही मोर्चे काढले, मेणबत्त्या लावल्या, आणि ते बरोबरच केलं. पण पायलबद्दल बोलताना आपण नेहमी शेवटच्या दिवसाबद्दल बोलतो. त्याआधीच्या महिन्यांत तिच्यासारख्या मुलीने कोणाकडे जायचं, याची सोय आपण तेव्हा केली नव्हती आणि आजही केलेली नाही.

‘समुपदेशकाकडे जा’ असं सांगणं सोपं आहे. शहरात खासगी समुपदेशनाच्या एका बैठकीला हजार-दीड हजार रुपये सहज जातात. एका बैठकीत काही होत नाही, आठ-दहा तरी लागतात. म्हणजे मेसचे चार-पाच महिने. पैसे कसेबसे जमवून मुलगी गेलीच, तर समोर बसलेल्या ताईंना जात हा विषयच ठाऊक नसतो. ‘तू फार मनाला लावून घेतेस’, ‘जातीचा विचार करणं सोडून दे, मोकळं वाटेल.’ म्हणजे काटा पायात तसाच ठेवायचा आणि लंगडण्यावर उपचार घ्यायचे! सगळेच समुपदेशक असे नसतात. पण मानसशास्त्राच्या वर्गात जातीचा धडा नसेल तर चांगल्या मनाचा माणूसही इथे अडाणी ठरतो. या कारणानेच ‘द ब्लू डॉन’सारखा गट बहुजनांना जातीचं भान असलेले समुपदेशक मिळावेत म्हणून उभा राहिला. असे गट अजून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि ते बव्हंशी इंग्रजीत बोलतात. औंढा नागनाथच्या मुलीला तिथवर पोचायला अजून एक भाषा ओलांडावी लागते.

मग सरकार काय करतं? कागदावर बरंच काही, आणि तो कागद आपण वाचलेला नाही, ही आमची तक्रार आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 चं कलम 18 सांगतं की सरकारी मानसिक आरोग्य सेवा मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे आणि त्यात लिंग, धर्म, वर्ग यांबरोबर जातीवरूनही भेदभाव करता येणार नाही. ‘जात’ हा शब्द कायद्यात लिहिलेला आहे. त्याच कलमानुसार जिल्ह्यात किमान सेवा नसतील तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणी घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारने सोसायचा आहे. अॅट्रॉसिटीच्या कायद्याची कलमं आपल्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ असतात. या कलमावर किती जणांनी अर्ज केला?

कलम 115 तर प्रत्येक वस्तीत माहीत हवं. जीव देण्याचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच कायदा गृहीत धरतो, तिच्यावर खटला नाही, उलट तिची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य. आजही आपल्याकडे ‘पोलीस केस होईल’ या भीतीने मुलीला दवाखान्यात न्यायला उशीर होतो. त्या उशिराने जीव जातात.

जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागाची ओपीडी असते, तिथे केसपेपर काढून डॉक्टरला भेटता येतं. 14416 हा टेलीमानसचा फोन ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत. 10 ते 19 वयाच्या मुलामुलींसाठी 2014 च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात सरकारी दवाखान्यांत ‘मैत्री क्लिनिक’ आहेत, आणि गावागावांत समवयस्क शिक्षक नेमायचे अशी तरतूद आहे. आपल्या गावात ते कोण, हे आशाताईंना विचारून पाहा. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक ठेवावा असा आदेश दिला. आपापल्या कॉलेजच्या प्राचार्यांना त्याबद्दल लेखी विचारायला काय हरकत आहे? माहितीचा अधिकार आपल्याला वापरता येतो ना?

तरीही फक्त तज्ज्ञांच्या भरवशावर हे होणार नाही. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात लाखामागे एक मनोविकारतज्ज्ञही नव्हता, आणि वेगवेगळ्या आजारांत 70 ते 92 टक्के लोक उपचारांविना होते. म्हणून सोबतीणींचा आधार. ही आमच्या डोक्यातली हौस नाही. गोव्यात ‘संगाथ’ने प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक लोकांकडून नैराश्याच्या रुग्णांना आधार दिला, त्याचा अभ्यास 2010 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला आणि सरकारी केंद्रांत त्याचा फायदा दिसला. नाशिक जिल्ह्यात पेठसारख्या आदिवासी तालुक्यात ‘आत्मीयता’ प्रकल्पात गावातल्याच माणसांनी हे काम केलं. डिग्री नसलेली माणसं ऐकायला शिकतात, हे सिद्ध झालेलं आहे.

आता आपल्या घरातलं बोलू. आपल्याकडे विहारं आहेत, महिला मंडळं आहेत, वर्षावासात तीन महिने ग्रंथवाचन चालतं. ज्या धम्मात मनाचा इतका विचार झाला त्याच्या विहारात मुलीला ‘माझं मन बरं नाही’ म्हणायची जागा नाही. म्हटलंच तर सल्ला मिळतो : ‘इगतपुरीला दहा दिवस जाऊन ये.’ विपश्यनेला आमचा विरोध नाही. पण विपश्यना केंद्रंच आपल्या नियमावलीत सांगतात की ही साधना वैद्यकीय किंवा मनोविकाराच्या उपचाराला पर्याय नाही, आणि गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी शिबिराला येऊ नये. केंद्र सांगतं ते केंद्राचे भक्त ऐकत नाहीत. बुवाच्या अंगाऱ्याला हसणाऱ्यांनी निदान एवढं तरी वाचावं.

20 जुलै 1942 ला नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद झाली, हजारो बायका जमल्या. बाबासाहेबांनी तिथे मुलींवर लग्न लादण्याची घाई करू नका असं सांगितलं. त्या बायकांनी आपले प्रश्न ठरावांत मांडले. ऐंशीहून अधिक वर्षांनी आपल्या महिला आघाड्यांच्या ठरावांत वसतिगृहातल्या मुलीच्या मनाबद्दल एक ओळ सापडत नाही.

आम्ही मागतो ते फार नाही. रविवारी वंदना झाल्यावर विहाराची एक खोली दोन तास फक्त मुलींसाठी. तिथे दादा नकोत, अध्यक्ष नकोत, फोटो नको, व्हॉट्सअॅप ग्रुपवर अहवाल नको. वस्तीतल्या दोन-तीन मुलींनी, जमल्यास एखाद्या नर्स ताईने, आधी प्रशिक्षण घ्यावं. प्रशिक्षणाशिवाय बसायचं नाही. उपदेश देण्याची आपल्याला इतकी सवय आहे की ऐकायला शिकण्यातच पहिले सहा महिने जातील. तिथे बोललेलं तिथेच राहील, दोन गोष्टी सोडून. जिवाला धोका दिसला तर तिला एकटं सोडायचं नाही, सोबत जाऊन दवाखाना गाठायचा. आणि अठरा वर्षांखालच्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना स्पष्ट सांगायचं, म्हणजे पुढे विश्वासघात वाटणार नाही. गोळ्या चालू-बंद करण्याचा सल्ला सोबतीणींनी कधीच द्यायचा नाही, ते डॉक्टरचं काम.

आणि हो, अत्याचार करणारा चळवळीतलाच असेल तर? हा प्रश्न येणारच, आणि त्यालाच घाबरून कित्येक ठिकाणी ही खोली उघडली जाणार नाही. ‘समाजाची बदनामी होईल’ हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं आहे की ते आता धमकीच वाटतं. बदनामीचं भय मुलींच्या तोंडावर बांधायचं नाही, एवढं आधी समितीच्या इतिवृत्तात लिहून घ्या.

सोबतीणींची खोली शिष्यवृत्तीला पर्याय नाही, हेही सांगून ठेवतो. उद्या समाजकल्याण खातं ‘वसतिगृहात समुपदेशन शिबिर घेतलं’ म्हणून पाठ थोपटून घेईल आणि स्वाधारचा हप्ता तसाच थकवील. वेळेवर आलेले पैसे हेही औषध आहे, त्याचा लढा वेगळा आणि रस्त्यावरचा.

जयंती समितीची बैठक फेब्रुवारीत होईल. डीजेचा आकडा ठरेल तेव्हा त्याच बैठकीत चार मुलींच्या प्रशिक्षणाचा खर्च मांडा, आणि तो मांडायला मुलींनाच उभं करा. 14416 हा आकडा जयंतीच्या बॅनरवर, नेत्यांच्या फोटोंइतक्याच मोठ्या अक्षरात छापा. जागा होत नसेल तर दोन फोटो कमी करा.